ओल्या वाळूतलं आभाळ

"पाणी फिरलं गो बाय!"

भाट्याच्या खाडीपलीकडे मी भाड्याने घर घेतलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अंगणातून, दगडी गडग्यापलीकडून ही हाक आली. मी बदली होऊन आलेली, साताऱ्याकडची. पाणी म्हटलं की मला नळाचं पाणी आठवायचं. मी हातातलं सगळं टाकून कळशी घेऊन धावले. गडग्यावर कोपरं टेकून एक उंच, वाळलेलासा म्हातारा उभा होता. डोक्याला जाळीची पांढरी टोपी, अंगात कॉलर उलटी शिवलेला शर्ट आणि खाली निळी चौकड्यांची लुंगी. त्याने माझ्या कळशीकडे बघितलं आणि म्हणाला, "ती कशाला? भरती संपली, सुकती लागली, इतकंच सांगत होतो. नवीन माणसाला म्हायती असावी."

म्हणजे समुद्राची ओहोटी सुरू झाली होती, आणि ही बातमी विमा कंपनीच्या ऑफिसात खर्डेघाशी करणाऱ्या एका बाईला कळवणं त्याला गरजेचं वाटलं होतं. हे तांडेलचाचा. त्यांचं खरं नाव इब्राहीम, पण उभी हयात मचव्यावर, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीवर, तांडेल म्हणजे म्होरक्या म्हणून गेली, तेव्हा हुद्दा हेच नाव झालं. पुढे मी तिथे राहिले तेवढी वर्षं भरती-ओहोटीची ही वर्दी मला रोज मिळत गेली. पहिले काही महिने मी वैतागले. नंतर एकदा चाचांना ताप आला आणि हाक आली नाही, तर दिवसभर आपण काहीतरी विसरलोय असं वाटत राहिलं.

त्यांची दुसरी सवय स्वप्नं सांगायची. लोक सकाळी गडग्याशी बोलतात ते पाऊसपाण्याचं, मासळीच्या भावाचं. चाचा रात्रीच्या स्वप्नाची हकिगत सांगत, आणि तीही आपण काल हातखंब्याला जाऊन आलो अशा थाटात. "काल दर्यात डांबरी रस्ता होता. एसटी चालली होती. कंडक्टर कोण, तर माझी आय. मना बोलली, सुट्टे दे." मग खरंच सुट्टे शोधावेत तसा हात खिशाकडे जायचा. मी विचारलं, मग दिलेत का? "नव्हते ना! उतरवला मना दाभोळला." दाभोळ हे त्यांचं मूळ गाव.

स्वप्नं इतकी सांगण्यामागे कारण होतं, ते त्यांच्या बायकोने, जुबेदाचाचीने मला सांगितलं. चाचांना काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला, डाव्याने धुक्यातून दिसावं तेवढं दिसायचं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उरलेलंही जाणार. मचवा त्यांनी त्यापायीच विकला होता. "जागेपणी दिसत नाय ना," चाची म्हणाली, "मग झोपेत दोन माणसांचं बघून घेतात."

त्यांचा मुलगा सलीम कुवेतला. त्याची बायकामुलं मुंब्र्याला, चांगल्या फ्लॅटमध्ये. सलीमचं म्हणणं होतं की बाबांनी आता मुंब्र्याला यावं. म्हणणं चुकीचं नव्हतंच. चाचांचा मात्र एक नेम होता. संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी ते समुद्रावर जात, पाण्याला पाय लावत आणि परत येत. "पाण्याला पाय लावल्याबिगर दिवस बुडत नाय," असं ते सांगत. एकदा ते या वाटेवर पडले आणि हनुवटीला टाके पडले. सलीमने फोनवर निक्षून सांगितलं, "ईदेला येतोय. कुणाचा हात न धरता पाण्यापर्यंत जाऊन परत आलात, तर पुन्हा मुंब्र्याचं नाव काढणार नाय. नायतर माझ्याबरोबर निघायचं."

चाचांनी फोन ठेवला आणि चार दिवसांनी दारात घोडी आणून बांधली.

दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर पर्यटकांना फिरवायला घाटावरचा एक घोडेवाला आला होता. त्याच्याकडे एक तांबडी घोडी होती. माणूस पाठीवर घ्यायची, सुरूच्या बनापर्यंत ऐटीत चालायची, पण पाण्याच्या कडेला काही केल्या जायची नाही. मारलं तर चावायची. समुद्रावर फिरायला येणाऱ्या माणसाला समुद्रापासून लांब ठेवणारी घोडी कोण घेणार? तो तिला परत न्यायच्या विचारात होता. चाचांनी ती स्वस्तात विकत घेतली. त्यांचा हिशेब सरळ होता. हात माणसाचा धरायचा नाही असं सलीम म्हणाला होता. घोडीबद्दल तो काही बोलला नव्हता.

"नाव काय ठेवलंत?" मी विचारलं.

"ठेवायचं काय? आलेलं हाय तिचं. रखमा."

"तेच ठेवणार?"

"होडी घेतली तरी नाव बदलत नाय मी. दर्या वळखतो नावाने." त्यांनी तिच्या कानामागे खाजवलं. तिने त्यांच्या उलट्या कॉलरचा लचका तोडला. "तुझ्या गावची हाय, बाय. तुमच्याकडं घोड्याला काय बोलतात? चल बोलतात, का हो बोलतात?"

"मला काय माहीत? माझे वडील पोस्टात होते."

चाचांना हे पटलं नाही. घाटावरच्या प्रत्येक माणसाच्या दारात घोडा असतो अशी त्यांची पक्की समजूत होती.

मी तशी भांडकुदळ नाही, पण तिसऱ्या दिवशी माझी जास्वंद गेली. डबल पाकळीची, खास पालीहून आणलेली. सकाळी उठते तो गडग्यावरून एक लांब तांबडं तोंड माझ्या अंगणात आलेलं आणि शेवटची कळी त्या तोंडात. मी बाहेर जाऊन बघितलं. रखमा पोफळीला बांधलेली होती, पण दोरी इतकी लांब की ती माझ्या घराला प्रदक्षिणा घालून आली असती.

"चाचा, ही काय बांधायची पद्धत?"

"दोरीला ढील नको?" चाचा आश्चर्याने म्हणाले. "भरतीला वर कशी येणार? आवळून बांधलेली होडी जागच्या जागी बुडते."

"ही भरतीला वर येणार आहे का?"

चाचांनी त्या धूसर डोळ्याने दोरीकडे बघितलं, मग घोडीकडे. अख्खा जन्म होड्या बांधलेला हात तो. त्यानंतर दोरी आखूड झाली आणि जुबेदाचाची माझ्याकडे जास्वंदीची नवी फांदी आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली. भाकऱ्या खाल्ल्यावर मला फार वेळ रागावता आलं नाही.

रोज संध्याकाळी शिकवणी चालायची. गोधडीची घडी, वर जुनं खोगीर, आणि त्यावर चाचा. पाय रिकिबीत न घालता ते मोकळे सोडत, होडीच्या काठावर बसल्यासारखे. आमच्या गल्लीच्या टोकाला तिठा होता. डावीकडची वाट समुद्रावर जाणारी, उजवीकडची पिठाच्या गिरणीवर. रखमा निमूट तिठ्यापर्यंत जायची आणि उजवीकडे वळायची. रोज. चाचा डावीकडे वळवायला लगाम ओढत, ती मान वाकडी करून गिरणीकडे निघायची. चाचांना वाट नीट दिसायची नाही. गिरणीची घरघर कानावर आली की कळायचं की आजही फसलो.

"काय चाचा, आज काय दळण आणलंत?" गिरणीवरची माणसं विचारत. "घोडी तुमची पीठ खाते वाटतं."

चाचा संतापत. हट्टी, कजाग, घाटावरची जात, असं काय काय तिला ऐकवत. हे शेवटचं ऐकवताना माझ्या घरावरून जायचे तेव्हा आवाज बारीक करायचे, हे मला कळत होतं. एके दिवशी ते खाली उतरून तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तू माझं आयकणार नाय, तर मग मी मुंब्र्याला जातो. तिथं लिफ्टमधून खालीवर करीन. बोल, जाऊ?" रखमाने जोरात फुरफुर केली. त्यांच्या सगळ्या शर्टावर शिंतोडे उडाले. गिरणीवरची माणसं हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते गमतीने बोलत नव्हते.

हा गुंता सोडवला चाचीने. ती गिरणीवर पिठाचा डबा कमरेवर घेऊन उभी होती. समोरून रखमा येत होती, वर नवरा तावातावाने लगाम ओढत होता. चाची जरा वेळ बघत राहिली. मग डबा खाली ठेवून ओरडली, "अवो, होडी हाय काय ती? डावीकडं जायचं तर हात उजवीकडं कशाला वढताव?"

मचव्याच्या सुकाणूचा दांडा उजवीकडे नेला की मचवा डावीकडे वळतो. चाचांचा हात तेच करत होता. इतके दिवस ते उजवा लगाम ओढत होते, आणि ती हट्टी, कजाग घोडी त्यांच्या सांगण्याप्रमाणे मुकाट उजवीकडे जात होती.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पाण्याची वर्दी दिली नाही आणि स्वप्नही सांगितलं नाही. संध्याकाळी ते हातात केळी घेऊन बाहेर आले, गल्लीतल्या चार माणसांच्या देखत रखमासमोर उभे राहिले आणि टोपी काढून म्हणाले, "चूक माझी. तू बरोबर होतीस. माफ कर." केळी त्यांनी सोलून दिली. मला त्यावेळी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगीचच घरात जाऊन भांडी घासत बसले.

तिठा सुटला. आता खरी अडचण आली. सुरूच्या बनातून बाहेर पडलं की कोरडी वाळू, आणि तिच्या पुढे ओहोटीत उघडी पडलेली ओली वाळू. ही ओली वाळू जिथे सुरू व्हायची तिथे रखमा थांबायची. मारून नाही, चुचकारून नाही, गूळ दाखवून नाही. चारही पाय रोवून, कान मागे टाकून उभी. ईद जवळ येत होती.

एका संध्याकाळी मी समुद्रावर फिरायला गेले होते. चाचा कोरड्या वाळूत बसले होते, बाजूला रखमा. मला त्यांनी पावलांवरून ओळखलं.

"बाय, जरा बस. मना एक सांग. ती थांबते ना, तिथं काय हाय? मना तर धुरळा दिसतो नुसता."

मी बघितलं. "काही नाही हो. ओली वाळू आहे. पाणी नुकतंच मागे गेलंय."

"आणखी?"

"आणखी काय... चकाकतेय. आभाळ दिसतंय तिच्यात. ढग, सूर्य, सगळं."

"आभाळ? खाली?"

"हो."

लाटांचा आवाज लांबून, झोपेत ऐकू यावा तसा येत होता. मी पुन्हा बघितलं, आणि खरंच, जिथे कोरडी वाळू संपत होती तिथे जमीनच संपत होती. त्याच्या पुढे नारिंगी ढगांची खोल, शांत पोकळी होती, आणि तिच्यात एक बगळा स्वतःच्याच पायांवर उलटा उभा होता. तिथे राहायला आल्यापासून मी हे रोज पाहत होते, पण त्या संध्याकाळी मला पाय टाकायची भीती वाटली.

"मग शाणी हाय ती," चाचा हळूच म्हणाले. "आभाळात कोण पाय टाकील?"

त्या दिवसापासून त्यांनी तिला ओढणं सोडलं. ओहोटी लागली की ते तिला कडेला उभी करत, दोरी सोडत, आणि स्वतः ओल्या वाळूत चार पावलं जाऊन फतकल मारून बसत. लुंगी भिजायची, चाची करवादायची. तिथे बसून ते रखमाला स्वप्नं सांगत. माझ्या वाट्याची स्वप्नं बंद झाली, सगळी तिला जाऊ लागली. मी सुरूच्या बुंध्याला टेकून ऐकायची. "काल तुला शीड लावलं होतं. लाल. आपण दोघं दाभोळच्या खाडीत शिरलो. तुझे पाय पाण्याच्या वरच्या वर. मी बोललो, रखमा, सांभाळ, पुढं खडक हाय. तू बोललीस, मना दिसतो, तू गप बस."

रखमा कान पुढे करून उभी असायची. संध्याकाळ हळूहळू विरघळत जायची. मासेमारीच्या होड्या परतताना त्यांचा आवाज यायचा आणि चाचा आवाजावरून होडी कुणाची ते तिला सांगायचे. मला तेव्हा ऑफिस, बदली, घरभाडं, काही म्हणजे काही आठवायचं नाही. एकदा तिने एक खूर पुढे टाकला. खुराखाली आभाळ हललं, त्याला सुरकुत्या पडल्या. ती दचकून मागे उडाली. चाचांना फक्त आवाज ऐकू आला. ते जागचे हलले नाहीत. "होतं असं," म्हणाले. पुढे ती दोन पावलं आली, मग तीन. एका संध्याकाळी थेट त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी दातात धरून उभी राहिली. चाचा इतके हसले की बनातले कावळे उडाले.

पण हे सगळं तिच्या मर्जीवर होतं. मर्जी असली तर यायची, नसली तर नाही. आणि चाचांचा डावा डोळा तेवढ्या काळात जवळजवळ विझला. ते कुणाला सांगत नव्हते. पण गडग्याशी बोलताना ते माझ्याऐवजी माझ्या मागच्या लिंबाच्या झाडाकडे बघून बोलू लागले, तेव्हा मला कळलं.

सलीम आला. मी मनात त्याच्याशी भांडायची तयारी करून ठेवली होती. निघाला मात्र थकल्या डोळ्यांचा, मऊ बोलणारा माणूस. बापाच्या हनुवटीवरचा व्रण त्याने बोटाने चाचपून बघितला. मला म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा. हे पडले तर तिकडून मी कसा येऊ? फोन वाजला की आधी तेच मनात येतं." भांडण तिथेच संपलं.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा निघाले. नवा कुर्ता, अत्तराचा फाया, खाली लुंगी तीच. आम्ही मागे, लांबून. तिठ्यावर रखमा डावीकडे वळली. गिरणीवरच्या माणसांनी गिरणी बंद ठेवली होती. सुरूचं बन आलं, कोरडी वाळू आली. ओल्या वाळूच्या कडेला रखमा थांबली.

त्या दिवशी उधाणाची ओहोटी होती, पाणी फार लांब गेलेलं. एवढं आभाळ खाली मी कधी पाहिलं नव्हतं. चाचांनी टाच लावली नाही. बराच वेळ थांबून ते उतरले, लगाम तिच्या मानेवर टाकला आणि एकटेच पुढे चालू लागले.

पन्नासेक पावलं सरळ गेले. मग रेंगाळले. लाटांचा आवाज चहूबाजूंनी येत असावा, कारण त्यांनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवली, हात थोडे पुढे केले आणि उभे राहिले. त्या मोठ्या नारिंगी पोकळीच्या मधोमध एक पांढरा कुर्ता. सलीम पुढे निघाला. चाचीने त्याचा हात धरला. "थांब," ती म्हणाली. हात तिने सोडला नाही.

"रखमा," चाचांनी हाक मारली. मोठ्याने नाही, गडग्यापलीकडून मला मारायचे तशी. "खाली बघू नको गो. मी पण बघत नाय."

रखमाने मान खाली घातली, ओल्या वाळूचा वास घेतला आणि चालू लागली. तिच्या खुरांखाली ढग फुटत होते, ती थांबत नव्हती. चाचांपाशी पोचली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि आयाळ बरोबर हातात आली. पुढे ते दोघं पाण्यापर्यंत गेले. चाचांनी पाण्याला पाय लावले. येताना ते तिच्या पाठीवर होते आणि सलीम वाळूत उकिडवा बसून, तोंड झाकून रडत होता. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही.

सलीम एकटाच परत गेला.

दोन वर्षांनी माझी बदली पुन्हा घाटावर झाली. निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधून मी समुद्रावर गेले. ओहोटी होती. पार लांबवर, जिथे वरचं आभाळ कुठे संपतं आणि खालचं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, तिथे तांबडी घोडी संथपणे चालली होती, पाठीवर मोकळ्या पायांचा म्हातारा. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी हाक मारणार नव्हते, पण रखमाच थांबली, माझ्याकडे मान वळवून.

"कोण, बाय?" चाचांनी लांबूनच विचारलं.

"हो चाचा."

"आभाळ हाय काय गो अजून खाली?"

मी बघितलं. "आहे. सगळं आहे."

"मग वाट बरोबर हाय," असं म्हणून त्यांनी रखमाच्या मानेवर थाप मारली, आणि ती दोघं चालू लागली.